गरोदरपणात चालायचं किती, लोळायचं किती आणि काट्याचं ऐकायचं किती?

सावरी · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. असा धागा आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, ओरडू नका.

बाविसावा आठवडा चालू आहे. पहिलटकरीण. वय ३१, उंची १६० सेंमी. सोनोग्राफी चांगली, बीपी चांगलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले. घोडं अडलंय ते वजनापाशी. दिवस राहिले तेव्हा ६१ होतं, परवा शनिवारी ७० भरलं. म्हणजे जेमतेम अर्ध्या वाटेवर ९ किलो! डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. चष्म्याच्या वरून एकदा माझ्याकडे बघितलं, फाइलमध्ये आकडा लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो गोल शनिवारपासून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

घरात दोन पक्ष आहेत. आईचा पक्ष: "पाय वर घेऊन पड, वाकू नकोस, जिने चढू नकोस." सासूबाईंचा पक्ष: "आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत सगळं करत होतो. बसून राहिलं की बाळंतपण जड जातं." नवरा सभापती. दोन्ही बाजूंना बोलू देतो, निर्णय देत नाही. वर मोबाइल रोज रात्री कळवतो की १०,००० पैकी ३,४०० पावलं झाली.

नोकरी खुर्चीतली, आठ-नऊ तास. घरी आल्यावर अंगात त्राण नसतं. काल जेवून पडले ती थेट तीन तासांनी उठले. उठल्यावर इतकं अपराधी वाटलं की रात्री पाऊण तास इमारतीभोवती भराभर फेऱ्या मारल्या. मग जांघेत कळ यायला लागली आणि रात्रभर दोन्ही पक्ष मनात भांडत बसले.

तर विचारायचंय ते एवढंच. तुम्ही रोज खरंच किती चालत होतात? खरं सांगा, चारचौघांत सांगायचं उत्तर नको. दुपारी झोपत होतात का? आणि वाढलेलं वजन चालून आटोक्यात आणता येतं, की त्या वाटेला जायचंच नसतं?

टिकटिक · सोमवार, रात्री ९.५२

पहिला प्रतिसाद माझा! सातवा महिना चालू आहे. रोजची पावलं अडीच हजार. त्यातली दोन हजार रात्रीच्या बाथरूमच्या वाऱ्यांची.

उंबरठा · सोमवार, रात्री १०.१५

सावरी, स्वागत आणि अभिनंदन.

माझी दोन बाळंतपणं. पहिल्या वेळी १९ किलो वाढले, दुसऱ्या वेळी साडेदहा. पहिलं बाळ २.९ किलोचं, दुसरं ३.१ चं. म्हणजे ते जास्तीचे साडेआठ किलो काही बाळाने घेतले नव्हते, ते माझे मलाच राहिले आणि उतरवायला पुढची दोन वर्षं गेली. पहिल्या खेपेला मी नोकरी सोडून घरी होते, सगळे हातात आणून देत होते. दुसऱ्या खेपेला मागे तीन वर्षांचं कार्टं होतं. वेगळा व्यायाम म्हणून एक दिवसही केला नाही, पण बसायलाही मिळालं नाही.

दोघांसाठी खाण्याबद्दल एक. दोघांसाठी खायचं हे बरोबरच, पण दुसरा माणूस सध्या अर्ध्या किलोचा आहे हे लक्षात ठेवायचं. मला कोणी हे वेळेवर सांगितलं असतं तर!

बिचारा_बाबा · सोमवार, रात्री १०.२१

बायकोचं ११ किलो वाढलं, माझं ८. तिचं उतरलं. माझ्यासाठी काही तक्ता आहे का?

दशांश · सोमवार, रात्री ११.०५

तक्ता आहे, बाबांसाठी नाही. आकड्यांचं निघालंच आहे तर नीट लिहितो. (मी डॉक्टर नाही. बायकोच्या दोन्ही वेळी एक्सेल करणारा नवरा आहे. तिने तेव्हा ते डिलीट करायला लावलं होतं.)

बहुतेक डॉक्टर जो हिशेब धरतात तो अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेला आहे. दिवस राहण्याआधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) काय होता त्यावरून तो ठरतो. १८.५ च्या खाली असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते सोळा, २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा, आणि ३० किंवा वर असेल तर पाच ते नऊ. जुळी असतील तर हिशेब वेगळा, १८.५ ते २४.९ च्या गटाला १७ ते २५.

सावरी, तुमचा बीएमआय आला २३.८. म्हणजे साडेअकरा ते सोळाचा गट. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि पुढे आठवड्याला साधारण ४२० ग्रॅम असं धरलं तर बाविसाव्या आठवड्याला ४ ते ६ किलो अपेक्षित. तुमचे ९ म्हणजे तीनेक किलो पुढे. पण इथून पुढचे अठरा आठवडे वेग नेहमीचा राहिला तर शेवट साडेसोळाच्या आसपास होतो. वरच्या रेषेला खेटून. आभाळ कोसळलेलं नाही.

आणि हे वजन सगळी चरबी नसते. साडेबारा किलो वाढ धरली तर त्यात बाळ साधारण ३.४, वार पाऊण किलोच्या अलीकडे, गर्भजल पाऊण किलोच्या किंचित पलीकडे, वाढलेलं गर्भाशय जवळजवळ एक, जास्तीचं रक्त दीड, अंगात साठलेलं पाणी दीड, स्तनांची वाढ ४०० ग्रॅम. उरते ती सव्वातीन किलो चरबी, आणि तीही शरीर पुढे दूध पाजण्यासाठी मुद्दाम बांधून ठेवतं.

बिचारा_बाबा · सोमवार, रात्री ११.०९

म्हणजे माझे आठही किलो चरबी. धन्यवाद.

जुनी_वही · मंगळवार, सकाळी ६.३०

दशांश, तुमचा तक्ता वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. तुमच्यावर नाही.

माझं वय आता ७३. माझ्या पहिल्या वेळी डॉक्टर दर खेपेला काट्यावर उभं करून रागवायचे. आठ-नऊ किलोंच्या वर जायचं नाही, बाळ बेताचं राहिलं की सुटका सोपी होते, असं सरळ सांगायचे. मी सातव्या महिन्यापासून अर्धपोटी राहिले. तपासणीच्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा पीत नव्हते, काटा कमी दिसावा म्हणून. मुलगी सव्वादोन किलोची झाली. आणि वीस-बावीस वर्षांनी माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन कमी वाढतंय, जास्त जेवा! तेव्हा वाटलं होतं, जाऊन त्या जुन्या डॉक्टरांना विचारावं, माझ्या भुकेचा हिशेब कोण देणार?

सावरी बाळा, काटा बघ, पण त्याच्या भीतीने उपाशी राहू नकोस. एवढंच सांगायला लिहिलं.

दशांश · मंगळवार, सकाळी ९.१२

जुनी_वही, तुमचा राग रास्त आहे. विसाव्या शतकाच्या मधल्या काळापर्यंत डॉक्टर मंडळी खरंच वजन दाबून धरायला सांगत. बीपी वाढून झटके येतात ते वजनामुळे, असाही समज होता. १९७० साली अमेरिकेत तज्ज्ञ समितीने पहिल्यांदा मर्यादा वर नेली, ९ ते ११ किलोच्या आसपास. १९९० मध्ये बीएमआयप्रमाणे गट पाडले आणि २००९ मध्ये ते सुधारले. प्रत्येक पिढीतल्या डॉक्टरांनी आपापला आकडा तितक्याच ठामपणे सांगितला.

काडीपैलवान · मंगळवार, सकाळी ९.४०

इथे सगळे जास्त वाढलेल्या वजनाबद्दल बोलतायत. माझं पहिल्या तीन महिन्यांत चार किलो उतरलं होतं. पाण्याचाही वास यायचा. दोनदा सलाईन लावावं लागलं. आणि भेटेल तो म्हणायचा, "किती छान, प्रेग्नंट वाटतच नाहीस!" कौतुक म्हणून. अशा वेळी रोज किती चाललीस असं कुणी विचारलं असतं तर चप्पल फेकून मारली असती, पण तेवढीही ताकद नव्हती.

पाचव्या महिन्यानंतर अन्न राहायला लागलं. शेवटी मूळ वजनाच्या वर सात किलो. बाळ पावणेतीन किलोचं, ठणठणीत. कमी वाढणाऱ्यांनीही डॉक्टरांच्या मागे लागून बाळाची वाढ मोजून घ्यावी. आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

स्पष्टवक्ती · मंगळवार, दुपारी १.२०

राग येणार असेल तर येऊ दे. गरोदरपण हा आजार नाही. मी दोन्ही वेळी आठव्या महिन्यापर्यंत पळत होते, आधीपासून पळायची सवय होती म्हणून. २०१४ साली अलिसिया मोंतान्यो नावाची अमेरिकन धावपटू चौतिसाव्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर पळाली. सेरेना विल्यम्सने २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा तिला जवळजवळ दोन महिने झाले होते. आणि आपण जिना चढावा की नाही यावर परिसंवाद भरवतोय. सावरी, तुझा प्रॉब्लेम वजन नाही, तुझा प्रॉब्लेम आठ तासांची खुर्ची आहे. ऊठ आणि चाल. थकवा आळसाने वाढतो.

कापूस · मंगळवार, दुपारी २.०५

स्पष्टवक्ती, तुमच्यासारखी माणसं मला तेव्हा रोज भेटायची.

विसाव्या आठवड्यात माझ्या गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं दिसलं. टाका घातला. डॉक्टरांनी सांगितलं, झोपून राहायचं, बाथरूमपुरतं उठायचं. चौदा आठवडे मी छत बघितलं. लोक भेटायला यायचे आणि तुमचंच वाक्य म्हणायचे, आजार थोडाच आहे. मी कूस बदलतानाही श्वास धरायचे. वजन १७ किलो वाढलं. मग मांड्यांच्या काड्या झाल्या. बाळ छत्तिसाव्या आठवड्यात आलं, सुखरूप. घरी आणलं तेव्हा मला त्याला घेऊन एक मजला चढता आला नाही. पायरीवर बसून रडले.

टाक्याने वाचलं, झोपून वाचलं, की नुसतं नशिबाने, मला माहीत नाही. पण "ऊठ आणि चाल" हे सगळ्यांना लागू नाही, एवढं तरी माना.

स्पष्टवक्ती · मंगळवार, दुपारी २.३०

मानते. माझं "आळस" हे शेवटचं वाक्य मागे घेते. लिहिताना ऑफिसमधल्या एकीचा चेहरा डोळ्यांसमोर होता, तो राग इथे काढला.

मणका · मंगळवार, रात्री १०.५०

फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर कामात होते, आता सविस्तर लिहिते. दुपारची पोस्ट वाचून गप्प बसवलं नाही.

कापूस, आधी तुमच्याशी. तुमच्या डॉक्टरांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सांगितलं असणार. पण नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण लवकर होण्याचं टळतं, याला आजवर पुरावा मिळालेला नाही. उलट पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हाडं आणि स्नायू झिजतात, मनाचं होतं ते वेगळंच. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सरसकट बेडरेस्ट देऊ नका असं सांगते. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत: "व्यायाम करू नका" आणि "अंथरुणातून उठू नका". तुमच्यासारख्यांना पहिली लागू होते. दुसरीची गरज क्वचितच पडते. तुम्ही पायरीवर बसून रडलात, त्यात तुमचा काडीचा दोष नव्हता.

व्यायाम कोणी करायचा नाही, तर टाका घातलाय किंवा गर्भाशयाचं तोंड कमकुवत आहे, शेवटच्या तीन महिन्यांत वार खाली आहे, रक्तस्राव होतोय, पाणी गेलंय, गरोदरपणातलं बीपी चढलंय, रक्त फारच कमी आहे, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार आहे. यातलं काही नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आहे आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. त्यात १०,००० पावलांचा आकडा कुठेही नाही. तो आकडा मुळात १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला. सावरी, मोबाइलमधलं ते टार्गेट आत्ताच बंद कर.

मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. वाक्य पुरं करायला धाप लागली तर वेग कमी करायचा. नाडीच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. गरोदरपणात रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि हृदय बसल्या जागीही जास्त काम करत असतं, त्यामुळे ठोके आधीच वर असतात.

तुझी जांघेतली कळ बहुधा गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांची असावी. ते ताणलेले असतात, त्यात दिवसभर बसून रात्री एकदम पाऊण तास भराभर चाललीस. शिक्षा म्हणून चालायचं नसतं गं. तोच पाऊण तास तीन तुकड्यांत चाल आणि बघ. कळ थांबून थांबून लयीत यायला लागली, पोट दगडासारखं घट्ट होत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली असेल, तर इथे धागा काढत बसू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

टिकटिक · मंगळवार, रात्री ११.१०

मणका ताई, मला गाता तर एरवीही येत नाही. मग मी कशावरून ओळखू?

मणका · मंगळवार, रात्री ११.१४

नवऱ्याशी भांडता येतंय का बघ. येत असेल तर वेग बरोबर आहे.

उंबरठा · बुधवार, सकाळी ८.००

झोपण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. डाव्या कुशीचं काय ते सांगा. मला पहिल्या वेळी इतकं घाबरवलं होतं की रात्री पाठीवर जाग आली की बाळाची माफी मागायचे.

मणका · बुधवार, सकाळी ८.४५

पोट मोठं झालं की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याशेजारून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. रक्त परतायला अडथळा येतो, कुणाला घाबरल्यासारखं, चक्कर आल्यासारखं होतं. म्हणून २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना कुशीवर व्हायचं. डावीच हवी असा हट्ट नाही, उजवीही चालते. जळजळ होत असेल तर डावी बरी पडते. आणि जाग आल्यावर पाठीवर असलात तर कूस बदलायची आणि झोपायचं. महत्त्व झोप लागतानाच्या स्थितीला आहे. माफी वगैरे काही नाही.

कूस बदलताना कंबरेत किंवा जांघेत चमकत असेल तर दोन्ही गुडघे जुळवून, सगळं अंग एकत्र वळवायचं. कपडे चढवताना एका पायावर उभं राहायचं नाही, बसून घालायचे. या दिवसांत सांध्यांचे बंध सैल असतात, त्यामुळे एकाच पायावर भार आला की कटिसांधे तक्रार करतात.

टिकटिक · बुधवार, सकाळी ९.०२

माझ्याकडे सध्या पाच उशा आहेत. एक डोक्याखाली, एक गुडघ्यांत, एक पोटाखाली, एक पाठीला, एक मिठीत. नवरा सोफ्यावर आहे. पाचवी उशी त्याच्यापेक्षा कमी घोरते, असं मी त्याला प्रेमाने सांगितलंय.

बिचारा_बाबा · बुधवार, सकाळी ९.१०

सोफ्यावरून त्यांना माझा नमस्कार सांगा. मीही तिथलाच.

आठवा_आला · बुधवार, दुपारी ४.३०

"काट्याकडे लक्ष देऊ नका" अशा दिशेने धागा चाललाय म्हणून लिहिते. तेहतिसाव्या आठवड्यात माझं एका आठवड्यात अडीच किलो वजन वाढलं. मला वाटलं, घरी सोहळा झाला, खाणं जास्त झालं. अंगठी निघेना, सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले. पाय तर सगळ्यांचेच सुजतात म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं आणि नजरेसमोर चांदण्या. दवाखान्यात बीपी १६० वर ११०. तिथूनच भरती. बाळ पस्तिसाव्या आठवड्यात काढावं लागलं.

नंतर कळलं की १४० वर ९० च्या पुढे गेलं तरी फोन करायचा असतो, १६० ची वाट बघायची नसते. आणि असं भराभर वाढलेलं वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. माझ्या बाबतीत काटा तीन दिवस आधीपासून सांगत होता, मीच त्याला खाण्याच्या खात्यावर टाकलं. सावरी, तुझं हळूहळू वाढलेलं ९ वेगळं आणि माझं ते अडीच वेगळं.

कापूस · बुधवार, दुपारी ४.४१

बापरे. दोघं बरे आहात ना आता?

आठवा_आला · बुधवार, दुपारी ४.५०

हो, तो आता चार वर्षांचा आहे आणि सोफ्यावरून उड्या मारतोय. बाबांनी जपून.

शुगरफ्री · बुधवार, रात्री ९.१५

वजनासाठी चालण्याबद्दल माझा अनुभव. सव्विसाव्या आठवड्यात साखर निघाली. सावरी, तुझीही ती चाचणी २४ ते २८ आठवड्यांत होईलच, वजन कितीही असलं तरी. घाबरू नकोस, बारीक बायकांनाही निघते. मला दिवसातून चार वेळा बोट टोचायला लावलं होतं. जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली यायला हवी असं सांगितलं होतं. जेवून लगेच पडले तर १५५-१६०. तेच जेवण, आणि नंतर घरातल्या घरात पंधरा मिनिटं फेऱ्या, तर १२५-१३०. कुठलंही भाषण मला पटलं नसतं, ते यंत्र पटलं. सकाळचा तासभराचा फेरफटका सोडून दिला आणि तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं धरली. वजनाचा वेगही आपोआप बसला. इन्सुलिन लागलं नाही. माझ्या बहिणीला हेच सगळं करून लागलं, म्हणजे यात तिची चूक होती असंही नाही.

सावरी · बुधवार, रात्री १०.३०

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. कापूस आणि आठवा_आला, तुमचे वाचून पोटात गोळा आला. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मणका ताई, टार्गेट बंद केलं. कळ आता नाही.

दोन शंका. ऑफिसात आठ तास बसण्याचं काय करू? मीटिंगमध्ये उठून फेऱ्या मारता येत नाहीत. आणि दुपारच्या झोपेबद्दल कुणीच नीट उत्तर दिलं नाही. ती तीन तासांची झोप अजून मनातून जात नाहीये.

उंबरठा · बुधवार, रात्री १०.४४

ऑफिससाठी माझा उपाय: पाण्याची बाटली लहान ठेवायची. अर्ध्या तासाने संपते, भरायला उठावंच लागतं, आणि तासाभराने दुसऱ्या कारणासाठी उठावंच लागतं. फोन आला की उभं राहायचं. मीटिंगमध्ये टेबलाखाली घोटे हलवत बसायचं, पोटऱ्या हलल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं. कुणाला कळतही नाही.

दशांश · बुधवार, रात्री ११.२०

झोपेबद्दल मी बोलतो, आकडेच बोलतो. २०१९ साली एक अभ्यास आला होता. माणसाचं शरीर महिनोन् महिने जास्तीत जास्त किती ऊर्जा खर्च करू शकतं, ते त्यात मोजलं होतं. अमेरिका आडवी पळून पार करणारे धावपटू वगैरे घेतले होते. मर्यादा निघाली बसल्या जागी लागते त्याच्या साधारण अडीचपट. गरोदर बाई नऊ महिने साधारण २.२ पटीवर असते.

तर खुर्चीत बसूनही तुम्ही काय करताय ते बघा. तीन तास झोपलात. पुढे?

स्पष्टवक्ती · बुधवार, रात्री ११.३२

हे मी पळत असताना माहीत असतं तर मीही दुपारी झोपले असते.

जुनी_वही · गुरुवार, सकाळी ६.१५

दुपारी जरूर झोप. फक्त जेवल्या जेवल्या आडवी होऊ नकोस, घशाशी येतं. आणि दुपारी फार झोपलीस तर रात्री घुबडासारखी जागी राहशील. तासाभराचा गजर लाव. गजर वाजूनही डोळे उघडले नाहीत, तर ती झोप तुझ्या शरीराला हवी होती असं समज आणि गजर बंद कर.

सावरी · तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.२०

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

काल पंचविसाव्या आठवड्याची तपासणी झाली. धीर करून विचारलं, डॉक्टर, मागच्या वेळी तुम्ही वजनाला गोल केला होतात. त्या म्हणाल्या, "कुठला गोल?" फाइल उघडली. मागची सगळी पानं चाळली. प्रत्येक भेटीच्या वजनाभोवती गोल आहे. त्यांना पान उलटताना आकडा पटकन सापडावा म्हणून त्या काढतात. बारा वर्षं काढतायत म्हणाल्या.

दुसरी गंमत, ६१ हा आकडा माझ्या घरच्या काट्यावरचा, लग्नाच्या वाढदिवसाच्या आधी डाएट करत होते तेव्हाचा. त्यांच्याकडे आठव्या आठवड्यात पहिल्यांदा मोजलं तेव्हा ६३.५ होतं. दशांश, तुमचं एक्सेल पुन्हा उघडा.

कालचं वजन ७१.१. म्हणजे तीन आठवड्यांत १.१. त्या म्हणाल्या, वेग आता ठीक आहे, आधीचा थोडा जास्त होता, असंच चालू दे. साखरेच्या चाचणीची तारीख दिली आहे. तोंडाने बोलल्या, गोल काढूनच.

रोजचं असं बसलंय: सकाळी वीस मिनिटं, दोन्ही जेवणांनंतर दहा-बारा. कधी सगळं होतं, कधी एकच. परवा काहीच झालं नाही. दुपारी सुटीच्या दिवशी झोपते, गजर लावून. तो दोनदा ऐकला, एकदा नाही. घरातले पक्ष अजून आहेत, पण आई आता सकाळी माझ्याबरोबर चालायला येते आणि सासूबाई दुपारी माझ्या खोलीचं दार लोटून घेतात. सभापती बरखास्त.

दशांश · रविवार, संध्याकाळी ६.४१

६३.५ धरलं तर बाविसाव्या आठवड्याला ६.५ होतात. मी उगाच तीन किलो पुढे घातलं होतं तुम्हाला. दुरुस्ती नोंदवावी. शिवाय घरचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांची कधीच तुलना करू नये, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

टिकटिक · रविवार, संध्याकाळी ७.०५

माझा आठवा महिना सुरू झाला. पावलं आता चार हजार. बाथरूमची तीन.